भिंतीवरचा मायकेल

पत्र

ताईंना सा. न.

माझं वय 50. इंदूरला परदेशीपुऱ्यात वाढलो, आता सुदामानगरात माझा डान्स क्लास आहे. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी 16 वर्षांचा. शेजाऱ्यांकडे व्हिडिओ कॅसेटवर मायकेल जॅक्सन पाहिला आणि घरातल्या फरशीवर मोजे घालून मागे सरकायला शिकलो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांपुढे नाचलो, ऑर्केस्ट्रात नाचलो, वरातींत नाचलो. लोक 'परदेशीपुऱ्याचा मायकेल' म्हणायचे. धाकट्या बहिणीचं लग्न त्या पैशांतून झालं. 1996 ला तो मुंबईत आला तेव्हा रात्रभर बसने गेलो. तिकीट परवडण्यातलं नव्हतं. अंधेरीला स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभं राहून ऐकलं आणि फुटपाथवरून एक पोस्टर घेऊन परतलो. ते अजून क्लासच्या भिंतीवर आहे. तो गेल्यापासून दरवर्षी 25 जूनला आम्ही श्रद्धांजली करतो. पोस्टरला हार घालतो, मुलं काळ्या टोप्या घालून नाचतात.

माझी मुलगी 19 वर्षांची आहे. लहान मुलांची बॅच तीच घ्यायची. यंदा तिनं त्याच्यावरच्या, लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपांचा तो माहितीपट पाहिला आणि म्हणाली, "बाबा, लहान मुलांच्या खोलीत हा फोटो नको." मी चिडलो. म्हटलं, याच्या पायांवर तुझं घर उभं आहे. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला ऐकू येत नाही." त्याला दोन महिने झाले, ती क्लासला आलेली नाही. बायको म्हणते, घरात शांतता हवी तर काढून टाका. जुने विद्यार्थी म्हणतात, सर, कोर्टानं सोडलंय त्याला, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ बघायचं नसतं. तो गेला त्या दिवशी मी वडील गेल्यासारखा रडलो होतो. ते रडणं चुकीचं होतं का? आणि मेलेल्या माणसाचा खटला माझ्या घरात का चालावा?

एक नृत्यशिक्षक, इंदूर

उत्तर

भाऊ,

रडणं चुकीचं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं बोलणं अवघड आहे आणि ते ऐकताना एवढं तरी तुमच्या हाताशी असू द्या.

लॉस एंजेलिसमध्ये 25 जून 2009 ची दुपार होती तेव्हा आपल्याकडे 26 ची पहाट उजाडायची होती, तीन वाजायला आले होते. सकाळी दूध तापत असताना माझ्याकडे टीव्हीवर बातमी लागली. मला त्याची दोन गाणी धड माहीत नव्हती, तरी मी गॅस बंद करून बसले. पन्नाशीतला माणूस. जुलैपासून लंडनला 50 कार्यक्रम व्हायचे होते, तिकिटं विकली गेली होती, आणि झोप लागावी म्हणून घेतलेल्या भुलीच्या औषधानं तो गेला. ते औषध देणाऱ्या डॉक्टरला 2011 मध्ये शिक्षा झाली. एवढ्या मोठ्या माणसाला रात्रीची झोप मिळत नव्हती, हे मला त्या वेळी फार लागलं.

आपल्याकडे सुतक नात्याचं असतं. सख्ख्याचं दहा दिवस, लांबच्याचं तीन, त्याहून लांब असेल तर नुसती आंघोळ. चाहत्याला सुतक नाही. दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला येऊन "जेवलात का" विचारणारं कुणी नाही. त्यामुळे त्याचा शोक सुरू होतो तो फिटतच नाही. तुम्ही स्वतःच एक वर्षश्राद्ध शोधून काढलंत, हार आणि काळ्या टोप्या. त्यात मला वेडेपणा दिसत नाही. आपल्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर खंडव्याला किशोरकुमारची समाधी आहे. 13 ऑक्टोबरला लोक तिथे जातात, गातात, दूध-जिलबीचा नैवेद्य ठेवतात. तो आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला, म्हणून निम्मं शहर त्याला घरचाच धरतं. त्या लोकांना आपण वेडे म्हणत नाही. तुमचा माणूस अमेरिकेतला होता एवढाच फरक.

आणि तो तुमच्यासाठी अमेरिकेतला नव्हताच. त्याच्या वडिलांची नोकरी पोलादाच्या कारखान्यात होती. गॅरी नावाचं गाव, दोन बेडरूमचं घर, नऊ भावंडं, पट्ट्यानं मारणारा बाप, आणि शाळेत जायच्या वयात स्टेजवर कमावणारा मुलगा. तुम्ही परदेशीपुऱ्यात मिलचा भोंगा बंद झाल्यावर त्याच वयात मोजे घालून फरशीवर घसरत होतात. त्याच्यात तुम्हाला स्वतःचं घर दिसलं असेल तर नवल नाही. तुमच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे खरे होते. ते पैसे आता कुणीही परत घेऊ शकत नाही, कुठला माहितीपटही नाही. हे मी मुद्दाम म्हणते आहे. पत्र वाचताना मला वाटत राहिलं की लेकीनं फोटो काढा म्हटलं, पण तुम्हाला ऐकू आलं ते "तुमची ती वर्षं खोटी होती" असं.

आता माझ्या घरातली एक गोष्ट.

माझ्या धाकट्या बहिणीला कोड होतं. हातांवर, मग गळ्यावर, मग ओठांच्या कडेला. इंदूरच्या मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्या असलेले ब्लाउज घालायची. स्थळं यायची, पोहे व्हायचे, आणि चार दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. त्याच काळात मायकेल जॅक्सनचा रंग उतरत चाललेला सगळं जग बघत होतं, आणि आमच्या घरात, गल्लीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच चर्चा: काळ्याचा गोरा झाला, पैशानं कातडी बदलली, आपल्या रंगाची लाज वाटते त्याला. 1993 च्या फेब्रुवारीत त्यानं टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रीला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की मला त्वचेचा रंग जाण्याचा आजार आहे, माझ्या वडिलांकडून आलेला आहे, मी तो मेकअपनं झाकतो. मी हसून म्हणाले, "आता बहाणे सुरू." बहीण कणीक मळत होती. ती म्हणाली, "खरं सांगतोय तो. डाग असा पसरतो. सगळ्या अंगाला एका रंगाचं करायचं तर तेच सोपं पडतं." एवढंच बोलली आणि परत मळायला लागली.

तो गेल्यानंतर शवविच्छेदनाचा अहवाल बाहेर आला. त्यात कोड असल्याची नोंद होती. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, असा तो आजार. तो कुणाला लागत नाही आणि त्यात कुणाची चूक नसते. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध माणसानं तोंडानं सांगितलं, तरी सोळा वर्षं कुणी ऐकलं नाही. मेल्यावर कागद आला तेव्हा पटलं. मी बहिणीला फोन केला, माफी मागायला. ती म्हणाली, "माझी कशाला मागतेस?" पण बराच वेळ फोन ठेवला नाही तिनं.

म्हणजे त्याच्या जाण्यानंतर आपण त्याला पुन्हा पाहायला लागलो, तेव्हा आधी हे दिसलं की आपण त्याच्यावर अन्याय केला होता. मग दहा वर्षांनी, 2019 मध्ये, चार तासांचा तो माहितीपट आला आणि दोन पुरुषांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की लहानपणी त्यानं आमच्यावर वर्षानुवर्षं अत्याचार केले. पहिल्या वेळी आपण फार कठोर होतो. दुसऱ्या वेळी कदाचित आपणच फार मऊ होतो. एकच माणूस, आणि दोन्हीकडे आपला अंदाज हुकला किंवा हुकला असेल. मला यातून एवढंच कळलं की आपल्याला तो माणूस कधी ठाऊकच नव्हता. आपल्याला त्याचा आवाज ठाऊक होता, पावलं ठाऊक होती, हातमोजा ठाऊक होता. बंद दारामागे तो कसा होता हे ना माझ्या स्टाफरूमला माहीत होतं, ना तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत आहे.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तेही नीट मांडते. 1993 मध्ये एका मुलाच्या वतीनं पहिला आरोप झाला. 1994 मध्ये मोठी रक्कम देऊन कोर्टाबाहेर तडजोड झाली, त्यानं गुन्हा कबूल केला नाही, खटला उभा राहिला नाही. दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात खटला चालला आणि 13 जून 2005 ला ज्युरीनं त्याला सगळ्या आरोपांतून मोकळं केलं. माहितीपटातल्या दोघांपैकी एकानं त्याच खटल्यात, मोठा झाल्यावर, त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती. त्याच्या वारसांनी सगळे आरोप नाकारले आहेत. हे सगळं नोंदलेलं आहे आणि तुमच्या लेकीनंही ते मान्य करायला हवं.

पण हेही नोंदलेलं आहे की 2003 मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत, शेजारी एक आजारातून उठलेला मुलगा बसलेला असताना, त्यानं स्वतः सांगितलं की मुलं माझ्या पलंगावर झोपतात आणि त्यात वाईट काही नाही. भाऊ, सुदामानगरातल्या दुसऱ्या एखाद्या क्लासच्या सरांनी हे वाक्य म्हटलं असतं, तर तुम्ही तुमची लेक आठ वर्षांची असताना त्या क्लासला पाठवली असती का? क्षणभरही विचार केला नसता तुम्ही. त्याच्या बाबतीत आपण सगळ्यांनी का केला, तर त्याची पावलं आपल्याला आवडत होती.

आणि एकदा नाही म्हणालेला माणूस काही वर्षांनी हो म्हणाला म्हणून तो खोटाच, असं धरू नका. मुलाला ज्याच्याकडून त्रास होतो त्याच्यावर पुष्कळदा त्याचं प्रेमही असतं. त्यानं खाऊ दिलेला असतो, कौतुक केलेलं असतं, आईवडिलांना मान दिलेला असतो. ते मूल मोठं होऊन, स्वतःचं मूल मांडीवर घेतल्यावर, पहिल्यांदा बोलतं. यावरून ते दोघे खरंच बोलत आहेत असं सिद्ध होत नाही. मात्र त्यांना उठवून लावण्याचं कारणही यातून मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या भागात तबला शिकवणारे एक गृहस्थ होते. गणपतीत त्यांची साथ असली की मांडवाबाहेर माणसं उभी राहायची. त्यांचा हात इतका गोड की मी कुकर लावून निघालेली बाई अर्धा तास तिथेच उभी राहिलेली आठवते. माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. ती त्यांच्याकडे शिकायची. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला तबल्याला जायचं नाही. सर जवळ बसवतात." मी म्हटलं, "अगं, बोटं धरल्याशिवाय तबला येतो का?" ती बरं म्हणाली आणि गेली. माझ्या कानात त्या माणसाचा तबला वाजत होता, तिचं बोलणं शिरायला जागाच नव्हती. ते वारले तेव्हा मी रडले, अंत्ययात्रेला चौकापर्यंत गेले. नंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती मुलगी भेटली, कडेवर स्वतःची मुलगी घेऊन. बोलता बोलता सहज म्हणाली, "बाई, तुम्हाला मी सांगितलं होतं तेव्हा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तुमच्या लेकीचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं ते त्यामुळे. "म्हणूनच तुम्हाला ऐकू येत नाही." ती मायकेल जॅक्सनचा खटला तुमच्या घरात चालवते आहे असं मला वाटत नाही. ती लहान मुलांची बॅच घेते. सहा-सात वर्षांच्या मुली तिच्याकडे बुटाची नाडी बांधून घ्यायला येतात. तिला विचारायचं आहे ते असं: यातलं एखादं मूल उद्या येऊन म्हणालं की तुमच्या आवडत्या अमक्या दादानं, तमक्या सरांनी असं केलं, तर माझे बाबा मुलाचं ऐकतील की त्या सरांच्या पायांकडे बघतील? तुम्ही तिला दिलेलं उत्तर होतं, "याच्या पायांवर तुझं घर उभं आहे." तिनं ते नीट ऐकलं आणि ती घरी बसली.

म्हणून पहिलं काम पोस्टरचं नाही. लेकीला सांगा, "चल, मला दाखव, मी तुझ्याबरोबर बघतो." चार तास आहेत, दोन दिवसांत पाहा. पाहताना मधे बोलू नका, तारखा काढू नका, कोर्टाचा निकाल काढू नका. तुम्हाला काही पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी सांगा. ती 2005 चा निकाल उडवून लावायला लागली तर तेव्हा तिलाही थांबवा, ते वाचून काढायला सांगा. पण आधी तुम्ही बसा.

आणखी एक गोष्ट, अगदी हलक्या हातानं सांगते. कधी कधी मुलं लांबच्या माणसाचं नाव घेऊन जवळचं सांगत असतात. तुमच्या बाबतीत तसं आहे असं मी म्हणत नाही. पण एकदा, फक्त एकदा, तिला विचारा, "क्लासमध्ये कुणी मुलानं तुला काही सांगितलं आहे का? तुला काही सांगायचं आहे का?" नाही म्हणाली तर विषय तिथे सोडा. पुन्हा पुन्हा खोदू नका. तुम्ही विचारलं एवढं तिला कळलं की पुरे. आणि हो म्हणाली, तर तिच्यापुढे "नक्की का?" हा शब्द तोंडातून काढू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या अत्याचाराबद्दल कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, क्लास चालवणाऱ्यालाही. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो क्लासच्या दाराशी, मुलांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लावा.

पोस्टर काढा. बायको म्हणते तशी घरात शांतता हवी म्हणून नको. तसं काढलंत तर दर 25 जूनला तुम्हाला लेकीचा राग येईल. त्या खोलीत आठ वर्षांची मुलं आहेत, आणि त्या भिंतीवर तुम्ही ज्याला लावता त्याच्याकडे बघून त्यांनी मोठं व्हायचं असतं. ऋषीचं कूळ विचारू नये हे घरात ठीक आहे. मुलांच्या खोलीत विचारावं लागतं. पोस्टर तुम्ही घरी न्या. स्टेडियमबाहेरच्या रात्रीची ती खूण आहे, 21 वर्षांच्या तुमची. त्या वेळी विमानतळावर सोनाली बेंद्रेनं नऊवारी नेसून त्याचं केलेलं स्वागत, मातोश्रीवरची भेट, करमाफीवरून झालेला वाद, हे सगळं छापून आलं. भिंतीबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या पोरांचं कुणी छापलं नाही. ती आठवण तुम्हीच सांभाळायची आहे. कपाटाच्या दाराला आतून लावा, नाहीतर गुंडाळी करून ट्रंकेत ठेवा. फाडू मात्र नका, आणि लेकीनंही तुमच्याकडून ते मागू नये.

क्लासच्या भिंतीवर जागा रिकामी होईल तिथे झांकीपुढे नाचतानाचा तुमचा जुना फोटो लावा. असेलच कुठेतरी, कुणा मित्राच्या अल्बममध्ये. मुलांना कळू दे की या शहरात, चतुर्दशीच्या रात्री, जागरणानं डोळे लाल झालेल्या गर्दीपुढे सर नाचत होते.

आता 25 जून. मुलांकडून ती श्रद्धांजली घेणं थांबवा. टोप्या घालून नाचणाऱ्या तुमच्या मुलांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ती तुमच्या वाट्याचं रडतात, आणि आपलं रडणं दुसऱ्याच्या लेकरांकडून करून घेऊ नये. मुलांचा कार्यक्रम गुरुपौर्णिमेला न्या, आईवडिलांना बोलवा. 25 जूनला संध्याकाळी शेवटची बॅच सुटली की कुलूप लावण्याआधी दिवे मालवून एकटे नाचा. मोजे घालून. पन्नाशीत गुडघे कुरकुरतील, पण नाचा. पिंडाला कावळा शिवला नाही की आपण म्हणतो, काहीतरी राहिलंय. तुमचं राहिलं आहे ते त्या फरशीवर आहे असं मला वाटतं, घरात बसलेल्या वडिलांसमोर रात्री सराव करायच्या त्या खोलीत. वडिलांबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे आणि त्याच्याबद्दल पानभर. त्या रात्री वडिलांचीही आठवण काढा.

नाच थांबवू नका, तो शिकवणंही थांबवू नका. ते मागे सरकणारं पाऊल त्यानं 1983 मध्ये टीव्हीवर केलं आणि जगाला ते त्याचंच वाटलं. पण बिल बेली नावाच्या टॅप नर्तकाचं ते पाऊल 1943 च्या चित्रफितीत आहे. जेफ्री डॅनिएल या नर्तकानं ते 1982 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर केलं होतं, आणि मायकेल त्याच्यासारख्या रस्त्यावरच्या नाचातून आलेल्या मुलांकडून ते शिकला. त्याच्याकडून तुम्ही, तुमच्याकडून तुमची लेक, तिच्याकडून नाड्या सुटलेली ती चिमुरडी. एवढ्या पायांतून आलेलं पाऊल कुणा एकाच्या पापानं विटत नाही. मुलांना हे सगळं सांगून शिकवा, त्याचं नावही घ्या. मोठ्या बॅचमधल्या कुणी विचारलं की सर, त्याच्याबद्दल लोक असं का म्हणतात, तर त्यांना झेपेल तेवढं खरं सांगा. कोर्टानं सोडलं होतं, नंतर दोघांनी सांगितलं, मला नक्की माहीत नाही. सरांना "मला माहीत नाही" म्हणताना मुलांनी ऐकलेलं चांगलं.

क्लासचे नियम लेकीला लिहू द्या. मी माझ्या अनुभवावरून दोन-चार सुचवते: खोलीच्या दाराला काच हवी. कुणाही एका मुलाला एकट्याला थांबवून शिकवायचं नाही, स्पर्धा तोंडावर असली तरी. कार्यक्रमात कपडे बदलायला आई किंवा ताईच असतील. आईवडिलांना कधीही आत येऊन बसता येईल. पाठ, कंबर, पाय सरळ करायला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि मूल नको म्हणालं तर नुसतं करून दाखवायचं. हा शेवटचा नियम तुम्हाला सुरुवातीला जड जाईल, कारण आपण सगळे हात धरूनच शिकलो. पाळा. खाली सही तुमची असू द्या.

जुन्या विद्यार्थ्यांशी वाद घालत बसू नका. त्यांचीही ती वर्षं आहेत. त्यांना घरी बोलवा, पोहे-जिलबी खाऊ घाला, ट्रंकेतलं पोस्टर काढून दाखवा, आणि क्लासमध्ये ते का नाही हे एकदा सांगा.

लेकीनं तुमच्याशी बोलायचं बंद केलेलं नाही, ती क्लासला येत नाही एवढंच तुम्ही लिहिलंय. तर आज रात्री जेवणं झाली की टीव्ही तिच्या हातात द्या आणि शेजारी बसा. पहिला भाग संपल्यावर ती तुमच्याकडे बघेल. तेव्हा काय बोलायचं सुचलं नाही तर काहीच बोलू नका, पण उठूनही जाऊ नका.

तुमची,
ताई